मारिओची वीट चौरस असते का? आणि मी कुठे चुकले

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना माझ्या तोंडात सारखं येणारं 'म्हणजे ना' काढून टाकलंय. बाकी जवळपास जसंच्या तसं.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल, भांडी घासत असाल, तर नुसतं ऐका. पण घरी आलात की एक चौकटीची वही घ्या. तीच, प्राथमिक शाळेत गणिताला असायची ती. आजचं काम तिच्याशिवाय होणार नाही.

आधी माफी. दोन भागांपूर्वी मी इथेच मोठ्या आवाजात म्हणाले होते, की 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधली वीट चौरस नाही, ती आडवी लांबट आहे, आणि त्या गेमचा पडदा उभ्या दिशेने मोजून-मापून आणि आडव्या दिशेने नुसता नजरेच्या अंदाजाने मांडलाय. मी तर वर आकडेही दिले होते. ते सगळं चुकीचं होतं. म्हणजे, एक छोटासा भाग योगायोगाने बरोबर होता, त्याकडे येते. पण निष्कर्ष साफ चुकला. आणि बोलून मोकळी झाले असते तर ठीक होतं, मी त्या आकड्यांवर माझा स्वतःचा गेम बांधत होते.

तर आज दोन गोष्टी. जुन्या गेमच्या स्क्रीनशॉटवर जाळी, म्हणजे ग्रिड, टाकून तो पडदा कसा वाचायचा. आणि ते करताना आपण स्वतःला कसे फसवतो.

ग्रिड टाकायचीच कशाला? तर माझ्या गेममुळे. गेली दीड वर्षं मी रात्री जेवणानंतर एक उड्या मारायचा छोटा गेम बनवतेय. विटा, खड्डे, पाइप, नेहमीचंच. तो खेळायला सगळ्यात आधी दिला माझ्या पुतणीला. ती दहा वर्षांची. ती तिसऱ्या स्क्रीनवर एकाच खड्ड्यात अकरा वेळा पडली, फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "आत्या, हा गेम चीटिंग करतो." लहान मुलांचं असं असतं, मी म्हटलं. मग ऑफिसातल्या दोघांना दिला. तेही तिथेच पडले. त्यांनी 'चीटिंग' म्हटलं नाही, 'छान आहे, बघतो नंतर' म्हटलं, आणि ते त्याहून वाईट.

मग मी ठरवलं की ज्याने हे आधी नीट केलंय त्याचा पडदा मोजू. मारिओचा स्क्रीनशॉट घेतला, ड्रॉइंग ॲपमध्ये टाकला, वरच्या लेयरवर रेघांची जाळी काढली. इथपर्यंत रीत बरोबर होती.

आता ही जाळी तिथे असतेच का, हे आधी समजून घेऊ. नाहीतर आपण हवेत रेघा ओढत बसू.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे 'टीव्ही गेम' आले, पिवळ्या कॅसेटवर 'नऊ लाख नव्याण्णव हजार इन वन' वगैरे छापलेले, ते बहुतेक सगळे जपानच्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होते. मूळ यंत्र १९८३चं. त्याचा पडदा २५६ आडवे आणि २४० उभे पिक्सेल. एकूण ६१,४४० पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा लक्षात ठेवायचा, अगदी फक्त चारच रंग धरले तरी प्रत्येकी २ बिट, म्हणजे पडदाभर १५ केबी लागतात. त्या यंत्राच्या प्रोसेसरपाशी कामाची मेमरी किती? २ केबी. चित्रासाठी वेगळी आणखी २ केबी. आज तुमच्या फोनवर कुणी एक 'गुड मॉर्निंग'चं गुलाबाचं चित्र पाठवलं तर त्यात असे कितीतरी पडदे बुडून जातील.

मग त्यांनी काय केलं? ठिपक्यांच्या रांगोळीसारखं. ८ बाय ८ पिक्सेलचे छोटे तुकडे आधीच काढून कॅसेटमध्ये ठेवले. त्यांना टाइल म्हणायचं. आणि पडद्याचे ३२ बाय ३० असे ९६० घरं पाडली. यंत्राने लक्षात काय ठेवायचं, तर कुठल्या घरात कितव्या नंबरची टाइल. ९६० घरं, ९६० बाइट. बस्स. रंगांसाठी आणखी ६४ बाइट. झाला १ केबीत पूर्ण पडदा.

त्या ६४ बाइटमध्ये खरी गंमत आहे. रंगसंच प्रत्येक टाइलला वेगळा देता येत नाही. तो १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकाला, म्हणजे चार टाइलना मिळून एकच देता येतो. आता सांगा, मारिओची वीट किती मोठी असेल? १६ बाय १६. प्रश्नचिन्हाचा डबा? १६ बाय १६. छोटा मारिओ स्वतः? १६ बाय १६. हे कुणाला सुंदर वाटलं म्हणून झालेलं नाही. यंत्राने रंगाचं घर जेवढं दिलं, तेवढी त्या जगाची वीट झाली.

(इथे भागात मी पाणी प्यायले. तो आवाज एडिट करायचा राहिला, त्याबद्दल तुमचे मेसेज पोहोचले.)

म्हणजे या पडद्यावर एकात एक बसवलेल्या दोन जाळ्या आहेत. ८ची बारीक आणि १६ची जाड. वरची अक्षरं, गुण, वेळ, ही ८च्या जाळीवर बसतात. जग १६च्या जाळीवर. पडदा १६च्या घरांत मोजला तर १६ आडवी, १५ उभी. त्यातली वरची २ ओळी गुण-वेळ दाखवायला, उरलेल्या १३ ओळींत सगळी दुनिया: ढग, पाइप, विटा, आणि तळाशी २ ओळी जमीन.

आणि ढगांवर जाळी टाकलीत ना, तर ज्याबद्दल सगळे बोलतात ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. ढग आणि झुडूप या त्याच टाइल आहेत. रंगसंच फक्त वेगळा. निळ्या आभाळावर पांढरा ढग, जमिनीलगत हिरवं झुडूप. संपूर्ण गेम ४० केबीच्या कॅसेटमध्ये बसवायचा, त्यात चित्रांना फक्त ८ केबी, मग माणूस काटकसर करणारच. आईच्या जुन्या साडीची गोधडी होते, तसं.

आता माझी चूक.

मी स्क्रीनशॉट घेतला फोनवर. फोन आडवा धरलेला, पडद्याची उंची १०८० पिक्सेल. इम्युलेटरने, म्हणजे जुनं यंत्र फोनवर उभं करणाऱ्या ॲपने, चित्र ४:३ या प्रमाणात ताणून दाखवलं होतं. म्हणजे १४४० बाय १०८०. मी वीट मोजली: उंची ७२, रुंदी ९०. दोन्ही पूर्णांक! संशय यायला जागाच नाही. मी ७२ची चौरस जाळी टाकली. उभ्या दिशेने सगळं टकाटक बसलं. आडव्या दिशेने काहीच बसेना. पाइप निघाला अडीच घरं रुंद. पहिला खड्डा अडीच घरांचा, दुसरा पावणेचार घरांचा. आणि मी काय म्हटलं? 'वा, काय मोकळी मांडणी आहे! आडव्या दिशेने यांनी कलाकाराच्या नजरेने काम केलंय.' आणि हे मी पॉडकास्टवर बोलले.

तीन दिवसांनी एका श्रोत्याचा मेसेज आला. चारच शब्द. 'ताई, चित्र ताणलंय तुझं.'

गणित करा. २५६चे १४४० केले, म्हणजे आडवे ५.६२५ पट. २४०चे १०८०, म्हणजे उभे ४.५ पट. १६ला ५.६२५ने गुणा, आले ९०. १६ला ४.५ने गुणा, आले ७२. मूळ वीट १६ बाय १६च होती, ताण आडवा जास्त पडला होता. ९० बाय ७२ची जाळी टाकली असती तर पाइप बरोबर २ घरं, पहिला खड्डा २ घरं, दुसरा ३ घरं. सगळं चोख. पाइपाची रुंदी अडीच घरं निघाली तेव्हाच मला कळायला हवं होतं. अडीच घर हा बुद्धिबळातल्या घोड्याला शोभतो, पाइपाला नाही.

योगायोगाने बरोबर आलेला तो भाग मात्र सांगते. जुन्या ट्यूबच्या टीव्हीवर हे चित्र खरंच थोडं आडवं ताणलेलं दिसायचं. जपान-अमेरिकेच्या टीव्हीवर या यंत्राचा एक पिक्सेल उंचीपेक्षा साधारण ८/७ पट रुंद दिसतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर तो आकडा आणखी वेगळा. म्हणजे 'घरच्या टीव्हीवर वीट लांबट दिसायची' हे म्हणणं खरं आहे. पण मोजायचं काय? दिसणं की मांडणी? मांडणी मोजायची असेल तर ताण काढून टाकायचाच. दिसण्याबद्दल बोलायचं असेल तर ताण ठेवायचा. मी दोन्हींची खिचडी केली.

तर हे करून बघणाऱ्यांसाठी थोडं कामाचं बोलते, भराभर.

इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये ताणणं बंद करा आणि पूर्णांकात मोठं करा: २ पट, ३ पट, ४ पट. साडेतीन नाही. स्मूथ करणारा फिल्टर बंद. सेव्ह करताना पीएनजी. हे चित्र मित्राला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की ते जेपीईजीमध्ये दाबलं जातं, आणि जेपीईजी स्वतःच चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतं. कळलं का संकट? तुम्ही ८ची जाळी शोधताय आणि फाइलच तुम्हाला स्वतःची खोटी ८ची जाळी दाखवतेय.

कॉम्प्युटर असेल तर जिम्प हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात इमेज मेनूत ग्रिडचं माप ठरवायचं आणि व्ह्यू मेनूतून ती दाखवायची. फोनवर लेयर असलेलं कुठलंही ड्रॉइंग ॲप चालतं, एकदा पारदर्शक जाळी काढून ठेवली की पुन्हा पुन्हा वापरता येते. आणि ज्यांना मुळापर्यंत जायचंय त्यांनी मेसेन नावाचा इम्युलेटर बघा. तो टाइलची जाळी आणि रंगाची जाळी दोन्ही स्वतःच काढून दाखवतो. मला हे माहीत असतं तर आजचा भागच झाला नसता.

दुसरी अडचण सरकण्याची. मारिओ चालला की जग डावीकडे सरकतं, एकेक पिक्सेलने. म्हणजे कुठल्याही क्षणी घेतलेल्या स्क्रीनशॉटमध्ये विटांची जाळी पडद्याच्या डाव्या कडेपासून सुरू होत नाही. ती ५ पिक्सेल आत असेल, ११ पिक्सेल आत असेल. त्यामुळे आधी एखाद्या विटेची उभी कड शोधायची आणि जाळी तिथे सरकवून लावायची. आणि एवढं झालं की एक मजा दिसते: वरची गुण-वेळेची पट्टी त्या सरकलेल्या जाळीत बसत नाही! ती पडद्याला चिकटलेली, खालचं जग सरकणारं. एकाच चित्रात दोन जाळ्या. यंत्रात 'ही पट्टी स्थिर ठेव' अशी सोयच नव्हती. मग त्यांनी युक्ती केली. वर नाण्यांच्या आकड्याशेजारी जे छोटं नाणं आहे, त्याच्या तळाशी एक स्प्राइट, म्हणजे हलू शकणारी वेगळी चित्रपट्टी, लपवली आहे. टीव्हीची रेघ काढत काढत यंत्र त्या जागी पोहोचलं की ते ओळखतं, 'वरची पट्टी झाली', आणि तिथून खाली सरकवलेलं चित्र काढायला लागतं. हे एका सेकंदात ६० वेळा. तुम्ही त्या नाण्याकडे कधी नीट बघितलं होतं का? मी नव्हतं.

पट्टीतच आणखी एक. 'मारिओ' हा शब्द कोपऱ्यात नाही. वरून २ ओळी आणि डावीकडून ३ घरं सोडून सुरू होतो. जाळी टाकली की ही रिकामी जागा डोळ्यात भरते. वाया घालवलेली नाही ती. जुन्या टीव्हीच्या कडा चित्र खायच्या, कुठली टीव्ही किती खाईल सांगता येत नसे, म्हणून महत्त्वाचं काही कडेला ठेवायचं नाही.

बरं, पण या सगळ्यातून माझ्या पुतणीच्या खड्ड्याचं काय?

बरोबर जाळी टाकून पहिल्या जगाचा पहिला टप्पा पुन्हा मोजला, घरं मोजून वहीत उतरवला. पहिला प्रश्नचिन्हाचा डबा: जमिनीपासून ३ घरं रिकामी, चौथ्या घरात डबा. त्याच्या वरचा डबा पुन्हा ३ घरं सोडून चौथ्यात. मोठा मारिओ २ घरं उंच, म्हणजे तो डब्याखालून जाताना डोक्यावर १ घर मोकळं. मारिओची उडी ४ घरांहून किंचित जास्त, धावत मारली तर आणखी थोडी. त्यामुळे डब्यावर चढता येतं, आणि डब्यावरून वरच्या डब्यापर्यंत पोहोचता येतं. पाइप बघा: पहिला २ घरं उंच. पुढचा ३. मग ४. कुठे पाटी नाही, सूचना नाही. खेळणाऱ्याचा अंगठा आपोआप शिकतो, बटण किती वेळ दाबलं की किती घरं. खड्डे: आधी २ घरं, मग ३. सगळं जग पूर्ण घरांत बोलतंय, आणि उडी त्या घरांपेक्षा नेहमी थोडी जास्तीची आहे.

शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी हे टप्पे आलेख कागदावर हाताने काढले होते. गेमला ३० वर्षं झाली तेव्हा, २०१५ साली, निन्टेन्डोने ते कागद व्हिडिओत दाखवलेही. म्हणजे आपण जी जाळी वरून टाकतोय ती त्यांच्या टेबलावर खालीच होती. आतल्या नोंदीतही तेच. टप्प्यातली प्रत्येक वस्तू दोन बाइटमध्ये लिहिलेली असते आणि तिची आडवी जागा ० ते १५, म्हणजे ४ बिटमध्ये. एका पडद्याची १६ घरं आणि ४ बिट, एकमेकांत चपखल.

आणि माझा गेम? माझ्या नायकाची उडी लांबीला ४ घरं. खड्डा मी त्या चुकीच्या मापावरून 'मोकळ्या मांडणीचा' पावणेचार घरांचा केला होता. उरलं किती? पाव घर. फोनवर ते अंगठ्याच्या नखाएवढंही नाही. शिवाय माझ्या जगात बाकी सगळंही अडीच, पावणेचार असंच, त्यामुळे नजरेला मोजायला काही आधारच नाही. माणूस खड्डा बघून मनात 'तीन' किंवा 'चार' म्हणतो. पावणेचार कुणीही म्हणत नाही. पुतणीचं म्हणणं शब्दशः बरोबर होतं.

आता मारिओ पुरे. हीच जाळी दुसरीकडे नेली की ती वेगळंच सांगते.

पॅक-मॅन. १९८०, जपानची नामको कंपनी, तोरू इवातानी. पडदा उभा, २२४ बाय २८८ पिक्सेल. ८च्या घरांत २८ बाय ३६. वरच्या ३ ओळी गुणांना, खालच्या २ ओळी शिल्लक जीव आणि फळांना, मधल्या ३१ ओळी भूलभुलैया. जाळी टाकलीत की पहिल्यांदा वाटेल काहीतरी चुकलं, कारण पॅक-मॅन एका घरात मावतच नाही. तो घराच्या बाहेर सगळीकडून सांडतो. त्याचं चित्र १६ बाय १६चं आहे आणि वाट नियमाने फक्त १ घर रुंद. म्हणजे इथे चित्राची जाळी वेगळी आणि नियमाची वेगळी. गेमला त्याच्या गोल पोटाशी काही देणंघेणं नाही, त्याचा मध्यबिंदू कुठल्या घरात आहे एवढंच बघतो. भूत आणि पॅक-मॅन एकाच घरात आले की मेला. म्हणूनच क्वचित असं होतं की दोघे समोरासमोर येतात, नेमक्या एकाच क्षणी एकमेकांच्या घरात जातात, आणि आरपार निघून जातात! लहानपणी एखाद्याने 'मी भुतातून गेलो' म्हटलं असेल तर त्याला खोटारडा म्हणू नका.

भुतांचे स्वभावही घरं मोजून आहेत. लाल भूत तुमच्याच घरावर नेम धरतं. गुलाबी भूत तुमच्या तोंडासमोर ४ घरं पुढे. केशरी भूत ८ घरांपेक्षा लांब असेल तर तुमच्या मागे येतं, जवळ आलं की घाबरून आपल्या कोपऱ्याकडे वळतं. आणि गुलाबीत एक चूक राहिलीये. तुम्ही वर बघत असाल तर ते ४ घरं वर धरण्याऐवजी ४ वर आणि ४ डावीकडे धरतं. वहीत जाळी काढून पेन्सिलीने हे बाण काढून बघा, दहा मिनिटांत भुतांची भीती जाते.

मग टेट्रिस. विहीर १० घरं रुंद, २० घरं खोल, हे सगळ्यांना पाठ. पण १९८९च्या गेम बॉयवर जाळी टाका. पडदा १६० बाय १४४, म्हणजे २० बाय १८ घरं. विसाव्या ओळीला जागाच नाही. म्हणून गेम बॉयची विहीर १८ घरांची आहे. ज्याने दोन्हीकडे खेळलंय त्याला 'इथे लवकर भरतं बुवा' असं का वाटायचं, त्याचं उत्तर हे.

आणि मला स्वतःला सगळ्यात आवडलेली जाळी ब्रिटनच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची. १९८२चा घरगुती कॉम्प्युटर, गेम कॅसेटच्या टेपवर मिळायचे. पडदा २५६ बाय १९२, घरं ३२ बाय २४. चित्राला ६,१४४ बाइट, रंगाला ७६८, म्हणजे एका घराला एक. आणि एका घरात फक्त दोन रंग: एक शाईचा, एक कागदाचा. आता पांढरा माणूस हिरव्या झाडासमोरून गेला तर? दोघांचं मिळून एकच घर, तिसऱ्या रंगाला जागा नाही. मग एकतर माणूस हिरवा होतो किंवा झाड पांढरं. चौकोनी डाग पडतो आणि तो माणसाबरोबर चालत राहतो. या डागांवर ८ची जाळी टाकली की त्यांच्या कडा बरोब्बर रेघांवर बसतात. १९८४च्या 'नाइट लोअर'ने सरळ हात जोडले: एका खोलीत एकच रंग. लोकांना तो गेम त्याच्या घनाकार खोल्यांसाठी आठवतो, पण ती एकरंगी शोभा या जाळीतून सुटायची वाट होती.

मॅथ्यू स्मिथच्या १९८३च्या 'मॅनिक मायनर'मध्ये तर मांडणीच मेमरीने ठरवली. स्पेक्ट्रमची चित्राची मेमरी तीन सारख्या पट्ट्यांत विभागलेली असते, प्रत्येक पट्टी ८ ओळींची. गेमच्या सगळ्या २० गुहा बघा: खेळ वरच्या १६ ओळींत, गुहेचं नाव, शिल्लक हवा आणि गुण खालच्या ८ ओळींत. म्हणजे दोन पट्ट्या खेळाला, एक माहितीला. पडदा बघून आपण म्हणू, काय छान दोन-तृतीयांश, एक-तृतीयांश प्रमाण साधलंय! प्रमाण साधलंय खरं, पण वरच्या दोन पट्ट्या म्हणजे सलग ४,०९६ बाइट, एका झटक्यात नक्कल करता येतात, हे त्यामागचं कारण.

यावरून एक तक्रार करून घेते. इंटरनेटवर कुठल्याही गेमच्या चित्रावर सुवर्ण गुणोत्तराचा तो शंखासारखा स्पायरल टाकून 'बघा, किती परिपूर्ण' म्हणणारे फोटो फिरतात. तो स्पायरल माझ्या दुधाच्या पातेल्यावरही बसतो. जाड रेघा, मोठी वळणं, कुठे ना कुठे काहीतरी लागणारच. म्हणून मी आता एक नियम लावते, माझ्यावर आधी. जाळी बसली असं वाटलं की ती मुद्दाम ३ पिक्सेल बाजूला सरकवायची. तरीही 'साधारण बसतेय' असं वाटलं, तर ती जाळी काहीच सांगत नाहीये, मीच तिला वदवून घेतेय. खरी जाळी ३ पिक्सेल सरकली की एकदम सगळ्या कडा बोंबलतात. आणि एकाच चित्रावर समाधान नाही मानायचं, त्याच गेमचे निदान पाच वेगळे पडदे घ्यायचे. माझ्या त्या ७२च्या जाळीवर मी यातलं काहीच केलं नव्हतं. आडव्या दिशेने बसत नाही हे दिसत असूनही मी त्याला 'कला' म्हटलं, कारण तशी गोष्ट सांगायला छान वाटते.

गेमचं सांगून थांबते. तिसऱ्या स्क्रीनवरचा खड्डा ३ घरांचा केला. पाइप २ घरांचे. अडीच-पावणेचार सगळे पूर्ण घरांवर आणले, त्याला तीन शनिवार-रविवार गेले, कारण एक वीट हलवली की पुढच्या दहा हलतात. पहिल्या स्क्रीनवर उगाचच एक २ घरांचा खड्डा घातला, सरावाला. उडी तेवढीच ठेवली.

परवा पुतणीला पुन्हा दिला. तिसरा स्क्रीन ती न थांबता पार करून गेली, तिला आठवणही नव्हती की आपण इथे पडायचो. पाचव्यावर पडली. मी विचारलं, "चीटिंग?" फोनवरून नजर न काढता म्हणाली, "नाही, मी उशिरा दाबलं." आणि पुन्हा सुरू केलं.

तुम्ही कुठल्या जुन्या गेमवर जाळी टाकलीत तर पाठवा. पीएनजी, डॉक्युमेंट म्हणून, आणि ताणलेलं नाही ना ते बघून. पुढच्या भागात तुमचेच पडदे घेऊन बसू. चला, भेटू.